गाडीला झोप लागत नाही

तिला आधी त्याचे पाय दिसले.

चहाचा कप हातात घेऊन ती अंगणात आली, तर केंद्राच्या गाडीचं मागचं दार सताड उघडं आणि त्यातून दोन पाय बाहेर आलेले. बूट खाली नीट जोडीने काढून ठेवलेले. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक. बाकीचा माणूस मागच्या सीटवरून डिकीत शिरला होता. आतून धडपडल्याचा, मग डोकं आपटल्याचा आणि शेवटी "आई गं..." असा अगदी सभ्य आवाज आला.

"कोण आहे आत?" तिने विचारलं.

पाय जागच्या जागी थांबले.

"मी... दुपारचा. मॅडमनी फोन केला," आतून उत्तर आलं.

दुपारचा म्हणजे कोण, हे तिला लगेच कळलं. घरी जाऊन उपचार करणाऱ्या त्या केंद्राकडे गाडी एकच, आणि ती दोघांत वाटलेली; किल्ली मात्र प्रत्येकाकडे वेगळी. सकाळी ती न्यायची. आजारपणाने आडवी झालेली माणसं पुन्हा उभी करायची, भिंतीला धरून का होईना चार पावलं चालवायची, हे तिचं काम. दुपारी तो न्यायचा. ज्यांची वाचा गेली त्यांना ती परत मिळवून द्यायची, अडखळणाऱ्या मुलांना बोलतं करायचं, हे त्याचं. केंद्राच्या मॅडम आल्यागेल्याला कौतुकाने सांगायच्या, "आमच्याकडे एक चालत्या बाई आहेत आणि एक बोलके सर." पण बाईंनी सरांना कधी पाहिलं नव्हतं. ती दुपारी गाडी अंगणात लावून केंद्रातल्या व्यायामाच्या खोलीत जायची, तेव्हा तो यायचा. तो संध्याकाळी गाडी लावून जायचा, तेव्हा ती आत असायची. त्याची ओळख एवढीच, की सकाळी सीट पार मागे गेलेली असायची, आरशात रस्त्याऐवजी आभाळ दिसायचं आणि गाडीत पेपरमिंटचा मंद वास असायचा.

आणि दिवा. गाडीतला दिवा तो रोज चालू ठेवून जायचा. पण त्या विषयावर ती येणारच होती.

"दार कसं उघडलंत? मी केव्हाची बटण दाबतेय, गाडी ढिम्म."

सीटच्या पाठीवरून एक हात बाहेर आला. बोटांत बारकीशी लोखंडी किल्ली होती. "रिमोटच्या पोटात... ही असते. खटका दाबला की निघते."

"मला कुणी सांगितलं नाही."

"मलाही नाही. मी गाडीचं पुस्तक वाचलं. रात्री झोप..."

"येत नव्हती म्हणून."

"नाही. ते वाचलं की लगेच येते म्हणून."

तिला हसू आलं, ते तिने चहात बुडवलं. रागवायचं ठरवून आलेल्या माणसाला असं मध्येच हसवू नये.

"पण तुम्ही डिकीत काय करताय?"

"बॅटरी इथे आहे. आणि डिकी उघडते ती बॅटरीवर. बॅटरी मेली, की डिकी... आतूनच उघडावी लागते."

"बॅटरी डिकीत, आणि डिकी बॅटरीवर? हे कुठल्या शहाण्याने ठरवलं?"

"त्याचा फोटो पुस्तकात नाही. मीही शोधला." मग जरा थांबून, दमलेल्या आवाजात, "आणि तुमचा तो मोठा चेंडू... माझ्या छातीवर बसलाय."

व्यायामाचा निळा चेंडू तिने ओढून बाहेर काढला, त्यापाठोपाठ डिकीचं झाकण खटकन वर झालं आणि बोलके सर सगळेच्या सगळे दिसले. तिने मनात रंगवलेला माणूस जाडजूड, आळशी आणि तोंडाळ होता. हा उंच होता, केसांना डिकीतली धूळ लागलेली, आणि बोलण्याआधी क्षणभर थांबायचा, जणू शब्द दाराशी आलाय आणि हा त्याला बाहेर सोडण्याआधी नीट बघतोय.

सोबत आणलेल्या डबीएवढ्या यंत्राच्या वायरी बॅटरीला चिकटवता चिकटवता त्याने तिला सगळं समजावलं. विजेवर चालणाऱ्या या गाडीला दोन बॅटऱ्या. मोठी असते ती गाडी ओढते. ही धाकटी काही ओढत नाही, ती फक्त मोठीला उठवते. आत्ता मोठी भरलेली आहे, ठणठणीत आहे, पण धाकटीने हाक मारल्याशिवाय ती कूस बदलत नाही.

"म्हणजे आमच्या घरासारखं," ती म्हणाली. "बाबा ठणठणीत. पण आईने हाक मारल्याशिवाय उठले तर शपथ."

तो हसला. डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागला. आवाज काहीच नाही. या गाडीला सुरू झाल्याचं सांगायची सवयच नव्हती. त्याने वायरी काढल्या, आणि तेवढ्यात तिला आठवलं की आपल्याला रागवायचंय.

"हे सगळं त्या दिव्यामुळे होतंय, माहितीये ना? रोज संध्याकाळी माझ्या खोलीच्या खिडकीतून दिसतो मला. गाडी लावून जाताना आतला दिवा तसाच."

त्याच्या कपाळावर आठी पडली. "मी... बंद करून जातो."

"मग काय, गाडी स्वतः लावते?"

तो काहीतरी सांगणार होता. शब्द दाराशी आला होता, पण तिच्याकडे तेवढा वेळ नव्हता. सकाळच्या पहिल्या पेशंट, एक आजी, वाट बघत असणार. तिने सीट पुढे ओढली, आरसा आभाळातून रस्त्यावर आणला आणि निघून गेली.

*

पण गाडी पुन्हा बंद पडली. आणि मग पुन्हा.

वर्कशॉपवाल्यांनी बॅटरी तपासली, रात्रभर चार्ज केली आणि सांगितलं, जरा थकलीय पण चालेल, आत काही चालू राहत नाही ना तेवढं बघा. मॅडमनी चष्म्यावरून दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि नियम केला, की आदल्या संध्याकाळी ज्याने गाडी लावली, त्यानेच सकाळी ती सुरू करून द्यायची. आता संध्याकाळी लावणारा नेहमी एकच होता. त्यामुळे सकाळी मॅडमचा फोन गेला, की थोड्या वेळात फाटकाची कडी वाजायची आणि तो यायचा. कधी दाढी अर्धी राहिलेली, कधी शर्टाचं एक बटण चुकलेलं.

ती आधी कुरकुरायची. मग कुरकुरता कुरकुरता दोन कप चहा करायला लागली.

"साखर?" तिने एकदा विचारलं.

"एक च..."

"चमचा."

"चिमूट." तो शांतपणे म्हणाला. "तुम्ही माझी वाक्यं फार लवकर संपवता."

"सवय आहे हो. पेशंटचा पाय उचलला जाईना, की आपण हात लावायचा, तसं होतं."

"मी पण तेच काम करतो. पण मी हात लावत नाही." तो कप दोन्ही हातांत धरून गाडीला टेकला. सकाळचं कोवळं ऊन त्याच्या एका खांद्यावर आलं होतं, दुसरा अजून सावलीत होता. "लहानपणी मी खूप अडखळायचो. सगळे माझी वाक्यं पुरी करायचे. चुकीची. शाळेजवळच्या दुकानात पेन्सिल मागायला जायचो, 'पे... पे...' म्हटलं की काका पेपरमिंट हातात ठेवायचे. परत कोण बोलणार म्हणून मी ती घेऊन यायचो. दात किडले, गृहपाठ राहिला."

तिला हसावं की काय करावं, कळेना. "मग?"

"मग पेपरमिंट आवडायला लागली."

त्या दिवसापासून ती थांबायला शिकली. सोपं नव्हतं ते. त्याचं वाक्य मध्येच अडलं, की तिच्या जिभेवर शब्द उड्या मारायचे. ती कपाचा कान घट्ट धरून ठेवायची. आणि गंमत अशी, की थांबलं की तो जे बोलायचा ते तिने कधीच ओळखलं नसतं.

"तुम्ही हसताना... डावीकडे बघता," तो एकदा म्हणाला.

"काहीतरीच. डावीकडे काय आहे?"

"काही नाही. भिंत. म्हणून तर... आश्चर्य वाटतं."

ती भिंत म्हणजे तिच्याच खोलीची भिंत. केंद्राच्या मागच्या बाजूला तिला राहायला एक खोली मिळाली होती. खोलीला टेकून अंगण, आणि भिंतीलगत गाडीची जागा. मधे एका विटेचं काय ते अंतर.

गाडी सुरू झाली की तो निघायचा, तीही निघायची. तो पायी, ती गाडीने, वेगवेगळ्या दिशांना. एकाच गाडीतली दोन माणसं, पण एक आत असला की दुसरा बाहेर, असंच त्या गाडीचं वेळापत्रक होतं. दोघं एकत्र असायची ती फक्त गाडी मेलेली असताना. हे एकदा तिच्या लक्षात आलं, आणि त्यानंतर सकाळी बटण दाबताना ती डोळे मिटून घ्यायची, ते गाडी सुरू व्हावी म्हणून की होऊ नये म्हणून, हे तिने स्वतःला विचारायचं टाळलं.

"काय गं, आवाज फार खुशीत आहे," फोनवर आईने विचारलं.

"कुठे काय. गाडी बंद पडलीये."

"अस्सं," आई म्हणाली. "माझी बंद पडते तेव्हा मला रडू येतं."

*

एका संध्याकाळी ती खोलीवर आली, नेहमीसारखी गाडीची किल्ली भिंतीतल्या खिळ्याला अडकवली आणि खिडकीकडे वळली. झालंच. गाडीत दिवा.

एरवी ती चिडून पडदा ओढून घ्यायची. पण हल्ली त्या माणसावर चिडणं जमेनासं झालं होतं, म्हणून ती नुसतीच बघत राहिली. आणि थोड्या वेळाने दिवा आपोआप विझला.

ती चकित झाली. मग तिला वाटलं, आता रिमोट दाबून गाडी कुलूपबंद आहे ना बघू. तिने खिळ्यावरची किल्ली काढली, पण तेवढ्यात गॅसवरचं दूध आठवलं म्हणून ती किल्ली हातात घेऊन तशीच स्वयंपाकाच्या ओट्याशी गेली. दूध उतरवून परत आली, किल्ली खिळ्याला लावली. गाडीत दिवा लागला.

ती किल्ली घेऊन पुन्हा ओट्याशी गेली. वाट पाहिली. परत आली. दिवा लागला.

चार-पाच वेळा तिने ये-जा केली. शेजारच्या कुणी पाहिलं असतं तर पोरीचं डोकं फिरलं म्हटलं असतं. किल्ली जवळ आली की गाडी डोळे उघडत होती. मालकीण आली, आता दार उघडेल, आता बसेल, म्हणून दिवा लावून तयार. आणि मालकीण भिंतीपलीकडे खिळ्याला किल्ली लटकवून खुशाल झोपायची. दिवा विझला तरी गाडीला काही झोप लागत नसणार. खिळ्यावरची किल्ली रात्रभर तिच्या कानाशी असायची आणि ती रात्रभर कान टवकारून. तिने तडक जाऊन गाडीत ठेवलेलं ते पुस्तक उघडलं. शेवटाकडच्या पानावर लिहिलंच होतं, किल्ली गाडीच्या फार जवळ ठेवू नये, लहान बॅटरी उतरते.

म्हणजे दिवा त्याने कधीच चालू ठेवला नव्हता. "मग काय, गाडी स्वतः लावते?" हे आपलंच वाक्य तिला आठवलं आणि कानशिलं तापली. गाडी स्वतःच लावत होती.

सांगून टाकायचं, तिने ठरवलं. उद्याच. तोवर किल्ली तिने बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात घातली आणि डबा पलीकडच्या भिंतीच्या फडताळात ठेवला.

सकाळी बटण दाबलं. हिरवा दिवा लगेच लागला. फोन करायचं कारण नव्हतं. फाटकाची कडी वाजली नाही. गॅसवर तिने सवयीने दोन कप पाणी ठेवलं होतं, त्यातलं कपभर ओतून दिलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. सीट मागे गेलेली, आरशात आभाळ, पेपरमिंटचा वास; माणूस नाही. सांगायचं होतं, पण सांगायला तो समोर तर यायला हवा, आणि समोर यायला गाडी बंद पडायला हवी. असा सगळा गुंता. ती स्वतःशीच म्हणाली, फोन करून सांगता येईल की. पण फोनवर त्याला थांबावं लागतं तेव्हा त्याचा चेहरा दिसत नाही.

त्या संध्याकाळी तिने फडताळातून डबा काढला. झाकण उघडलं. किल्ली हातात घेऊन जरा वेळ उभी राहिली. मग, कुणी बघत नसताना लहान मूल साखरेच्या डब्यात बोट घालतं तसं, पटकन ती खिळ्याला अडकवली आणि पडदा ओढून घेतला.

*

थकलेल्या बॅटरीला एक रात्र पुरली.

सकाळी बारीक पाऊस होता. तो छत्री न घेताच आला, केसांवर थेंब घेऊन. तिने चहा पुढे केला. तिला इतका आनंद झाला होता, की तो लपवायला तिने डावीकडे पाहिलं.

पण आज तो हसला नाही. वायरी लावून झाल्यावर तो डिकीच्या कडेवर बसला, झाकणाच्या आडोशाला. पाऊस झाकणावर टपटपत होता.

"मॅडमनी गेल्या वेळी सांगितलं होतं," तो म्हणाला, "आणखी एकदा बंद पडली, तर..."

ती थांबली. कपाचा कान घट्ट धरून.

"...तर मला पुलापलीकडच्या केंद्रावर. तिथे गाडी नाही, म्हणजे बंद पडायचा प्रश्न नाही. ही ती... एकदा."

तिने तोंड उघडलं. "अहो, ते... ते तुमच्यामुळे..." पुढचा शब्द येईना. तो तिच्याकडे बघत होता, अजिबात घाई न करता. तिचं वाक्य त्याने पुरं केलं नाही. तेच जास्त अवघड गेलं.

"उशीर होतोय मला," ती कशीबशी म्हणाली आणि गाडीत बसली.

आजी दारातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. पायांत बूट, बुटांच्या नाड्या बांधलेल्या, हातात काठी. पडून मांडीचं हाड मोडल्यापासून आज पहिल्यांदा त्या अंगणातल्या बाकापर्यंत चालणार होत्या. गेल्या आठवड्यापासून हेच ठरलं होतं.

"चला आजी," ती म्हणाली. "उशीर झाला, माफ करा. गाडी बंद पडली होती."

आजींनी बाकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आज नको बाळ. सकाळपासून बूट घालून बसलेय. आता येशील, मग येशील म्हणून दर आवाजाला उठायला बघत होते." त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "आजचं बळ वाट बघण्यातच गेलं."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं. तिने वाकून नाड्या सोडल्या, बूट काढले आणि सुजलेल्या पावलांना हळूहळू चोळत राहिली. चालून नाही, नुसतं तयारीत बसून माणूस कसा संपतो, हे आजवर शेकडो पेशंट बघूनही तिला असं कधी दिसलं नव्हतं. आणि ते आपण केलं होतं, एका खिळ्यावर एक किल्ली लटकवून.

"रडतेस काय," आजी म्हणाल्या. "बाक कुठे पळून जात नाही. उद्या ये. वेळेवर ये म्हणजे झालं."

*

दुपारी ती सरळ मॅडमच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. खिळा, दिवा, डबा. काल रात्रीचंही.

मॅडमनी लिहिणं थांबवलं. "म्हणजे माहीत असूनही काल मुद्दाम लटकवलीत?"

"हो."

"का?"

मॅडमनी चष्मा काढून तिच्याकडे नीट पाहिलं, मग परत डोळ्यांवर चढवला.

"बरं. ते मला सांगू नका. ज्याला सांगायचं त्याला सांगा. नवी बॅटरी मी मागवते, ही तुमच्या जागरणांनी पार संपलीय. आणि आठवडाभर गाडी सरांच्या ताब्यात. पेशंट तुमचे, पाय तुमचे. आत्ताच गाडी आणि तुमची किल्ली त्यांना नेऊन द्या."

"आणि सरांची बदली?"

"ज्याचा दोष नाही त्याला मी कशाला हलवू?" मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला हलवावं का, याचा विचार करतेय. जा लवकर, तो पुन्हा माझ्या मनात यायच्या आत."

पाऊस थांबला होता. त्याचं घर एका लहानशा गल्लीच्या टोकाला, तळमजल्यावर होतं. खिडकीत एक बाई मटार सोलत बसल्या होत्या. गाडी थांबलेली बघून त्यांनी मान वर केली.

"गाडी द्यायला आले होते," ती म्हणाली. "मी केंद्रातली... सकाळची."

"म्हणजे दिवा चालू ठेवतो म्हणणाऱ्या तुम्हीच का?" त्याची आई म्हणाली. राग नव्हता, कुतूहलच होतं. "अहो, तो जन्मात दिवा विसरायचा नाही. घरभर दिवे मालवत हिंडतो. मी दिव्याखाली वाचत बसलेली असते, तरी मालवतो."

"माहितीये आता मला. तेच सांगायला आलेय."

तो मागच्या दाराने आला. धुतलेले कपडे वाळत घालत होता बहुतेक. शर्टाच्या बाहीला चार चिमटे तसेच लटकलेले होते. आईने मटारात डोकं खुपसलं, पण सोलायचा आवाज बंद झाला. ते दोघांच्याही लक्षात आलं आणि दोघं गाडीपाशी जाऊन उभे राहिले.

तिने सांगितलं. मॅडमना सांगताना शब्द रांगेत आले होते, आता एकही धड येईना. तो ऐकत राहिला. चेहऱ्यावर काही उमटेना.

"मी स्वतःवर संशय घ्यायला लागलो होतो," शेवटी तो म्हणाला. "रोज गाडी लावली, की विझलेल्या दिव्याचा फोटो काढायचो. घरी येऊन... पुन्हा बघायचो. आपल्याला विसरायला होतंय की काय. मी रोज शब्द विसरलेल्या माणसांबरोबर असतो हो. भीती वाटते."

"मला खरंच माहीत नव्हतं."

"आधी नव्हतं."

"हो. आधी नव्हतं," ती म्हणाली. "काल होतं."

"मग काल का?"

तिने भिंतीकडे बघायचं ठरवलं, पण इथे डावीकडे भिंत नव्हती. नुसता रस्ता होता, ओला आणि लांबच लांब. म्हणून तिने त्याच्याकडे पाहिलं.

"कारण सलग तीन सकाळी गाडी सुरू झाली, आणि अंगणात कुणीच नव्हतं."

तो बाहीवरचा एक चिमटा काढून त्याची उघडझाप करत राहिला. ती उभी होती. हा माणूस आता आत निघून गेला तरी त्याचं काही चुकणार नाही, हे तिला कळत होतं. किल्ली तिने पुढे केली.

त्याने ती घेतली. तिची बोटं मात्र लगेच सोडली नाहीत.

"रागावलोय मी," तो म्हणाला.

"असणारच."

"आठवडाभर तरी... राहीन बहुतेक." मग अगदी हळू, "त्या तिन्ही सकाळी मीही तयार होऊन बसायचो. फोन आला की निघता यावं म्हणून. आई म्हणायची, कुठे निघालास? मी म्हणायचो, कुठेच नाही. परवा मॅडमनी विचारलं, गाडी आता बरी चालते ना? मी म्हणालो, हो, दु... दुर्दैवाने."

ती हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन्ही एकदम आल्यामुळे कुठल्या बाजूला बघायचं ते तिला सुचेना.

"हे आपण एकमेकांना सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "असं बूट घालून बसण्यापेक्षा."

"हो." त्याने श्वास घेतला. "तर मग... सांगतो. मला तु... तुम्ही..."

ओल्या झाडावरून थेंब पडत होते. कुठेतरी एक सायकल घंटी वाजवत गेली. तिला काही घाई नव्हती. अशी ती आयुष्यभर थांबली असती.

"...फार आवडता. दिव्यावरून भांडत होतात तेव्हापासून."

"मलाही," ती म्हणाली. एवढंच. तिला वाटलं होतं आपण खूप बोलू.

खिडकीत मटार पुन्हा सोलले जाऊ लागले, जरा जास्तच जोरात.

"आजींकडे उद्या वेळेवर जायचंय ना?" त्याने विचारलं. "कशा जाणार?"

"पायी. शिक्षा आहे मला. गाडी तुमच्या ताब्यात."

"माझ्या ताब्यात. म्हणजे तिच्यात कोण बसणार ते..." तो थांबला, आणि आता मात्र तो मुद्दाम थांबला होता, तिला चिडवायला. "...मीच ठरवणार. सकाळी मी मोकळाच असतो. फाटकाशी येतो. तुम्हाला सोडतो, आजी बाकापर्यंत गेल्या की परत आणतो."

"आणि नवी बॅटरी आली, गाडी एकदाही बंद पडली नाही, तरी?"

"तरी."

"माझी शिक्षा संपली, तरी?"

"तेव्हा तुम्ही चालवा. मी शेजारी बसेन." त्याने गाडीत डोकावून घड्याळ पाहिलं. "आणि आत्ता माझा पेशंट वाट बघतोय. पाच वर्षांचा आहे, फार वाट बघत नाही, रडतो. तुम्हाला केंद्रावर सोडून पुढे जाऊ?"

तिने पुढचं डावीकडचं दार उघडलं. इतके दिवस ही गाडी तिची होती, पण या बाजूला ती कधी बसलीच नव्हती. इथून सगळं वेगळं दिसत होतं. त्याने किल्ली मधल्या खाचेत ठेवली, बटण दाबलं, हिरवा दिवा लागला.

खिडकीतून त्याच्या आईने वर पाहिलं, हातात अर्धवट सोललेली शेंग घेऊन. आता ही पोरं काय बोलतात ते ऐकावं म्हणून ती मघापासून कान टवकारून बसली होती. पण रस्ता रिकामा होता. गाडी केव्हा निघाली, ते तिला कळलंही नव्हतं.